व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष आणि वॉशिंग्टन : शिव्या एकीकडे, टँकर एकीकडे

गोदातीर

अमेरिकेच्या मिझुरी राज्यात बोलिव्हार नावाचं एक लहानसं गाव आहे. जुलै १९४८ मध्ये तिथे सिमोन बोलिव्हारचा पुतळा बसवला गेला आणि अनावरणाला दोन राष्ट्राध्यक्ष हजर राहिले. यजमान हॅरी ट्रूमन, पाहुणे व्हेनेझुएलाचे रोमुलो गायेगोस. गायेगोस मूळचे कादंबरीकार. थेट मतदानाने, सत्तर टक्क्यांहून अधिक मतं घेऊन निवडून आलेले. भाषणं झाली, हस्तांदोलनं झाली. नोव्हेंबरमध्ये लष्कराने गायेगोसना उचलून देशाबाहेर घालवलं. त्यांच्या पक्षाने तेल कंपन्यांच्या नफ्यातला निम्मा वाटा सरकारचा, असा कायदा नुकताच केला होता. परागंदा झाल्यावर गायेगोसनी तेल कंपन्यांकडे बोट दाखवलं. वॉशिंग्टनने हात झटकले आणि नव्या लष्करी राजवटीला मान्यतेसाठी फार वाट पाहायला लावली नाही.

जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेने व्हेनेझुएलाचा राष्ट्राध्यक्ष मादुरो याला राजधानी कराकसमधून उचलून न्यूयॉर्कला नेल्यापासून आपल्याकडच्या सगळ्या ग्रुपांवर दोनच मतं फिरताहेत. एक, 'हे सगळं तेलासाठी'. दोन, 'हुकूमशहा होता, बरं झालं'. दोन्ही ऐकून कंटाळा आला म्हणून हा धागा. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. व्हेनेझुएलाच्या राष्ट्राध्यक्षांनी वॉशिंग्टनला शिव्या दिल्या, तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं, ओपेक ही तेल निर्यातदार देशांची संघटना काढली, क्यूबाच्या फिदेलला मिठ्या मारल्या. वॉशिंग्टनने यातलं जवळजवळ सगळं सहन केलं. का? कारण टँकर वेळेवर येत होते आणि त्यांची गरज होती. सहनशक्ती संपली ती गरज आटल्यावर.

एकेक राष्ट्राध्यक्ष घेऊ.

गायेगोसनंतर काही काळाने मार्कोस पेरेस हिमेनेस हा लष्करी हुकूमशहा आला. त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख पेद्रो एस्त्रादा, नाव काढलं तरी लोक आवाज खाली आणायचे. १९५४ मध्ये आयझेनहॉवर सरकारने पेरेस हिमेनेसला 'लीजन ऑफ मेरिट' हा मोठा सन्मान दिला. तेल कंपन्यांना त्याने नव्या सवलती दिल्या, कराकसमध्ये मोठमोठे रस्ते आणि इमारती उठवल्या. २३ जानेवारी १९५८ ला लोक आणि लष्कर दोघांनी मिळून त्याला हाकललं. पुढे त्याला अमेरिकेतच आसरा मिळाला, मायामीत.

याचं व्याज चारच महिन्यांत वसूल झालं. १३ मे १९५८ ला उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन सदिच्छा भेटीला कराकसला उतरले. विमानतळावर लोक अंगावर थुंकले, शहरात गाडीला घेरून काचा फोडल्या. आयझेनहॉवरने घाईघाईने कॅरिबियनमध्ये सैन्य हलवलं. निक्सन जिवानिशी परतले, म्हणून प्रकरण तिथे मिटलं.

त्यानंतरचा रोमुलो बेतांकूर हा मला या सगळ्यांत सर्वांत हुशार वाटतो. तरुणपणी कम्युनिस्ट, राष्ट्राध्यक्ष झाल्यावर केनेडींचा लाडका. डिसेंबर १९६१ मध्ये केनेडी दांपत्य व्हेनेझुएलाला गेलं, जॅकी तिथे स्पॅनिशमधून बोलल्या. पण याच बेतांकूरच्या तेलमंत्र्याने, हुआन पाब्लो पेरेस आल्फोन्सोने, ओपेकचा पाया घातला. कारणही अमेरिकेनेच पुरवलं. १९५९ मध्ये आयझेनहॉवरने तेलाच्या आयातीवर कोटा लावला आणि जमिनीवरून तेल पाठवणाऱ्या शेजाऱ्यांना, म्हणजे कॅनडा आणि मेक्सिकोला, त्यातून मोकळीक दिली. महायुद्धात दोस्तांना तेल पुरवलेला व्हेनेझुएला रांगेत उभा. पेरेस आल्फोन्सो वॉशिंग्टनला समजवायला गेला, कुणी दाद दिली नाही. मग तो कैरोला गेला, आणि सप्टेंबर १९६० मध्ये बगदादला पाच देशांनी ओपेक स्थापन केली. वॉशिंग्टनला तेव्हा ती संघटना दखलपात्रही वाटली नव्हती.

बेतांकूरने आणखी एक गोष्ट मिळवली. ज्याला अमेरिकेने पदक दिलं होतं, त्याच पेरेस हिमेनेसला १९६३ मध्ये अमेरिकेनेच पकडून सरकारी पैशाच्या अपहाराच्या खटल्यासाठी कराकसच्या हवाली केलं. माजी राष्ट्राध्यक्षाला असं परत पाठवणं तेव्हा फारच दुर्मिळ होतं.

पुढे कार्लोस आंद्रेस पेरेस. १९७३ च्या अरब तेलबंदीत व्हेनेझुएला सामील झाला नव्हता, अमेरिकेला तेल पुरवत राहिला होता. बक्षीस काय मिळालं? १९७४ च्या अमेरिकी व्यापार कायद्यात ओपेकच्या सदस्यांना सवलतींतून सरसकट वगळलं, त्यात व्हेनेझुएलाही. पेरेसने १ जानेवारी १९७६ ला तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. कंपन्यांना सुमारे एक अब्ज डॉलर भरपाई दिली, त्याच कंपन्यांशी तांत्रिक सल्ल्याचे करार केले, आणि टँकर एक दिवसही थांबले नाहीत. वॉशिंग्टनने हूं की चूं केलं नाही. उलट १९७८ मध्ये कार्टर स्वतः कराकसला जाऊन आले.

आणि मग ऊगो चावेस. लष्करात असताना त्याने केलेल्या १९९२ च्या फसलेल्या बंडामुळे अमेरिकेने त्याला व्हिसा नाकारला होता. १९९८ ची निवडणूक जिंकल्यावर लगेच मिळाला. तेव्हाचे अमेरिकी राजदूत जॉन माइस्टो यांचं धोरण प्रसिद्ध आहे: चावेस काय बोलतो ते सोडा, काय करतो ते पाहा. तो बोलत राहिला. २००० मध्ये बगदादला सद्दामला भेटून आला. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून बुशना सैतान म्हणाला, 'अजून गंधकाचा वास येतोय' म्हणाला. बुशना तो 'मिस्टर डेंजर' म्हणायचा. हे नाव गायेगोसच्याच कादंबरीतल्या एका अमेरिकन पात्राचं. त्याच वर्षी व्हेनेझुएलातून अमेरिकेत रोज १४ लाख पिंपांच्या आसपास तेल जात होतं. इतकंच नव्हे, व्हेनेझुएलाच्या मालकीची सिटगो कंपनी अमेरिकेतल्या गरीब घरांना हिवाळ्यात स्वस्तात हीटिंग ऑइल वाटत होती. सैतानाच्या घरच्यांची शेकोटी पेटवायची आणि वर भाषणही ठोकायचं, हा माणूस नाटक्या होता यात शंका नाही.

बाकी २००२ चं बंड, २०१९ चे निर्बंध वगैरे मुद्दाम सोडतोय, चर्चेत येईलच. जाणकारांनी भर घालावी.

---

रमणबागी

वाचनखूण साठवली. लेख उत्तम, पण गोष्ट १९४८ ला सुरू होत नाही.

१९०२ मध्ये सिप्रियानो कास्त्रो हे गृहस्थ राष्ट्राध्यक्ष होते. कर्जाचे हप्ते थकवले म्हणून ब्रिटन, जर्मनी आणि इटलीने व्हेनेझुएलाच्या बंदरांची नाकेबंदी केली, गोळागोळी झाली. थिओडोर रूझवेल्टला युरोपीय युद्धनौका आपल्या अंगणात नको होत्या. त्यातूनच १९०४ चं रूझवेल्टचं सूत्र आलं: या खंडातल्या देशांना शिस्त लावायची झाली तर ती आम्ही लावू. पुढच्या शंभर वर्षांतल्या निम्म्या हस्तक्षेपांची जन्मपत्रिका म्हणजे ते सूत्र.

कास्त्रो अमेरिकी कंपन्यांशीही भांडला. १९०८ मध्ये अमेरिकेने संबंध तोडले. त्याच वर्षाअखेर कास्त्रो शस्त्रक्रियेसाठी बर्लिनला गेला आणि मागे उपराष्ट्राध्यक्ष हुआन व्हिसेन्ते गोमेसने खुर्ची बळकावली. गोमेसच्या विनंतीवरून अमेरिकी युद्धनौका किनाऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. हा गोमेस १९३५ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, सत्तेवर होता. कधी स्वतः, कधी बाहुले बसवून. त्याच्याच काळात १९२२ मध्ये काबिमासला 'बारोसो-२' विहीर फुटली आणि दिवसरात्र तेलाचा फवारा उडत राहिला. त्यानंतर सवलतींचं वाटप कसं झालं असेल ते सांगायला नको.

तेव्हा तुमचं सूत्र अजून चाळीस वर्षं मागे नेता येईल. फक्त तेव्हा तेल नव्हतं, तेव्हा डांबर होतं. कास्त्रोचं मोठं भांडण एका अमेरिकी डांबर कंपनीशी होतं. पदार्थ बदलला, बाकी तेच.

---

बारक्या

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. (भाग येणार आहे ना?)

---

कडूकाढा

तेल, तेल, तेल. कोणत्याही अमेरिकी गोष्टीचं कारण विचारा, मराठी माणूस तेल म्हणून मोकळा.

बेतांकूरचंच उदाहरण घ्या. केनेडींना तो आवडत होता तो तेलामुळे? तेल तर पेरेस हिमेनेसही देत होता. बेतांकूर हवा होता कारण १९५९ नंतर शेजारी फिदेल बसला होता आणि लॅटिन अमेरिकेला दाखवायला एक निवडून आलेला, सुधारणावादी, कम्युनिस्टविरोधी नमुना पाहिजे होता. बेतांकूरच्या सरकारविरुद्ध डाव्या गनिमांनी बंड केलं, आणि १९६३ च्या नोव्हेंबरात व्हेनेझुएलातल्या पाराग्वानाच्या किनाऱ्यावर क्यूबातून आलेला शस्त्रसाठा सापडला. त्यावरून पुढच्या वर्षी क्यूबावर खंडभर निर्बंध आले. यात तेल कुठे आहे?

चावेसचंही तसंच. ऑक्टोबर २००० मध्ये त्याने फिदेलशी करार केला, क्यूबाला स्वस्त तेल आणि बदल्यात डॉक्टर. फ्लोरिडातल्या क्यूबन मतदारांना हे दिसत नव्हतं का? फ्लोरिडा म्हणजे अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचं नाक. आज परराष्ट्रमंत्री कोण आहे? मार्को रुबियो, मायामीचा, क्यूबन आईबापांचा मुलगा. तुमच्या पिंपांच्या आकड्यांपेक्षा हे मला जास्त पटतं.

---

गोदातीर

@कडूकाढा, बेतांकूरबाबत सहमत, शीतयुद्ध होतंच. पण माझा प्रश्न वेगळा आहे. कुणाला डोक्यावर घेतलं हे शीतयुद्धाने ठरलं असेल. कुणाला *सहन* केलं हे कशाने ठरलं? चिलीत १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयेंदेने तांब्याचं राष्ट्रीयीकरण केलं, 'जादा नफा' वळता करून मोठ्या कंपन्यांना भरपाई नाकारली. निक्सनने कर्जं अडवली, सीआयएने पैसा ओतला, १९७३ मध्ये पिनोशेचं बंड झालं. पाच वर्षांत व्हेनेझुएला तेलाचं राष्ट्रीयीकरण करतो आणि कार्टर पाहुणा म्हणून येतो. फरक भरपाईचा, फरक मार्क्सवादाचा, आणि फरक तेलबंदीने पोळलेल्या अमेरिकेच्या गरजेचा. तिन्ही धरा, हवं तर.

---

ह्यूस्टनकर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते या धाग्यासाठी. मी माटुंग्याच्या यूडीसीटीचा (रसायन तंत्रज्ञानाचं कॉलेज), गेली बरीच वर्षं इथे रिफायनरीच्या धंद्यात. तेलाचं राजकारण बाजूला ठेवून तेल कसं असतं ते सांगतो, कारण त्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

व्हेनेझुएलाचं मुख्य निर्यातीचं तेल, मेरे-१६, म्हणजे काळं, जड आणि गंधकाने भरलेलं. ओरिनोको नदीच्या पट्ट्यातलं तर त्याहून घट्ट. ते थंड झालं की पाइपातून हलत नाही. त्यात नाफ्था किंवा हलकं तेल मिसळावं लागतं, तेव्हा ते बंदरापर्यंत पोचतं. साध्या रिफायनरीला ते पचत नाही. त्यासाठी कोकर लागतो. कोकर म्हणजे अतिशय तापवून जड अवशेषातून पेट्रोल-डिझेलचे अंश ओढून काढायचे आणि मागे कोळशासारखा कोक उरतो तो विकायचा. हे युनिट उभारायला अब्जावधी डॉलर लागतात.

टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांनी हे कोकर ऐंशी-नव्वदच्या दशकांत घातले, मुख्यतः व्हेनेझुएला आणि मेक्सिकोचं जड तेल डोळ्यांसमोर ठेवून. व्हेनेझुएलाने स्वतःही तेच केलं. पीडीव्हीएसए या तिथल्या सरकारी तेल कंपनीने १९८६ मध्ये सिटगोचा अर्धा हिस्सा घेतला, १९९० मध्ये उरलेला. लेक चार्ल्स, कॉर्पस क्रिस्टी, शिकागोजवळ लेमाँट. म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या गल्लीतच स्वतःची गिरणी टाकली. टँकर मारकाइबोहून निघाला की पाचेक दिवसांत इथे. चीनला तोच टँकर महिना-दीड महिना घेतो.

म्हणून चावेस कितीही बोलला तरी त्याला तेल इथेच विकावं लागत होतं. चीनला जाणारं पुष्कळसं तेल जुन्या कर्जाच्या फेडीत वळतं व्हायचं, रोख पैसे अमेरिकी गिऱ्हाईक द्यायचं. आणि इथल्या रिफायनरीवाल्यालाही दुसरं जड तेल सहज मिळत नव्हतं. दोघांचे हात एकमेकांच्या खिशात.

मग बदललं काय? २००८ मध्ये अमेरिकेचं स्वतःचं कच्च्या तेलाचं उत्पादन रोज ५० लाख पिंपं होतं. २०१९ मध्ये सव्वा कोटीच्या घरात. कारण शेल, म्हणजे खडकाच्या थरांतून काढलेलं तेल. शिवाय कॅनडाचं जड तेल येऊ लागलं. व्हेनेझुएलातून आयात १९९७ च्या सुमारास रोज १७ लाख पिंपांहून जास्त होती, २०१८ मध्ये सहा लाखांच्या आत. जानेवारी २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने पीडीव्हीएसएवर निर्बंध घातले तेव्हा इथे काही आठवडे धावपळ झाली आणि मग काम सुरू राहिलं. पंधरा वर्षांपूर्वी असा निर्णय कुणी घेतला असता तर किनाऱ्यावरचे सगळे गव्हर्नर आणि सिनेटर वॉशिंग्टनला जाऊन बसले असते.

धागाकर्त्याचा मुद्दा मला म्हणून पटतो.

---

सुमेधा पुणे

ह्यूस्टनकर, प्रतिसाद फार छान. पण वरच्या सगळ्या चर्चेत व्हेनेझुएलाचे लोक कुठेच नाहीत. सगळं वॉशिंग्टन काय करतं यावरच.

उत्पादन पडलं ते निर्बंधांनी, हे चित्र अर्धवट आहे. डिसेंबर २००२ ते फेब्रुवारी २००३ मध्ये पीडीव्हीएसएमध्ये संप झाला, चावेसला घालवण्यासाठीच. तो मोडल्यावर चावेसने १८ हजारांवर कर्मचारी काढून टाकले. इंजिनिअर, भूवैज्ञानिक, तंत्रज्ञ. त्यांतले किती तरी कोलंबिया, कॅनडा, आखातात गेले. मग कंपनीच्या पैशातून घरं, धान्य, दवाखाने, सगळं चालू झालं. गरिबांना त्याचा फायदा झाला हे नाकारत नाही, झालाच. पण विहिरींची देखभाल त्याच पैशातून व्हायची होती. २००७ मध्ये ओरिनोकोतून एक्झॉन आणि कोनोको या अमेरिकी तेल कंपन्या बाहेर पडल्या. कोनोकोफिलिप्सने लवादात ८ अब्ज डॉलरांहून मोठा दावा जिंकला. २०१४ मध्ये भाव कोसळले. २०१७ च्या आर्थिक निर्बंधांआधीच उत्पादन घसरणीला लागलं होतं. २०१९ च्या निर्बंधांनी पडत्या भिंतीला धक्का दिला आणि २०२० मध्ये उत्पादन रोज पाच लाखांच्या खाली गेलं. ज्या देशाने १९७० मध्ये रोज ३७ लाख काढले होते त्याची ही गत.

आणि ७० लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली. कोलंबियात, पेरूत, चिलीत. चालत. कुठल्याही युद्धाशिवाय. हे आकडे पिंपांच्या आकड्यांशेजारी ठेवा.

---

बारक्या

अवांतर: मादुरो सत्यसाईबाबांचा भक्त आहे हे कुणाला ठाऊक आहे का? २००५ मध्ये तो आणि त्याची बायको सिलिया फ्लोरेस पुट्टपर्तीला जाऊन बाबांना भेटले होते. तेव्हा तो तिकडच्या संसदेचा अध्यक्ष होता. त्याआधी कराकसमध्ये बस चालवायचा.

---

कडूकाढा

@बारक्या, हे खरं आहे, फोटोही आहेत. आता न्यूयॉर्कच्या तुरुंगात विभूती पोचते का ते बघा.

---

रमणबागी

काढासाहेब, जरा जपून. श्रद्धेच्या विषयावर नको.

सुमेधाताईंच्या मुद्द्याला एक पुरवणी. २७ फेब्रुवारी १९८९ चा काराकासो विसरून चालणार नाही. तोच कार्लोस आंद्रेस पेरेस, ज्याने राष्ट्रीयीकरण केलं, दुसऱ्यांदा निवडून आला आणि सत्तेवर बसल्यावर महिनाभरात नाणेनिधीच्या अटींप्रमाणे पेट्रोल महाग केलं. बसभाडी वाढली. लोक रस्त्यावर उतरले, दुकानं लुटली गेली, लष्कराने गोळ्या घातल्या. मृतांचा सरकारी आकडा तीनशेच्या आत, प्रत्यक्षात कितीतरी जास्त असं तिथले लोक मानतात. त्या गोळीबाराने ज्या तरुण अधिकाऱ्यांचा सरकारवरचा विश्वास उडाला त्यांच्यात चावेस होता. वॉशिंग्टनच्या दृष्टीने पेरेस तेव्हा आदर्श सुधारक होता. चावेस काही आभाळातून पडला नाही.

---

गोदातीर

आता २००२. हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण माझ्या सूत्राला सगळ्यात जास्त अडचण इथेच होते.

११ एप्रिल २००२ ला कराकसमध्ये मोर्चावर गोळीबार झाला, रात्री सेनापतींनी चावेसला ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी उद्योजकांच्या संघटनेचा अध्यक्ष पेद्रो कार्मोना याने शपथ घेतली आणि एका फटक्यात संसद आणि सर्वोच्च न्यायालय बरखास्त केलं. इतका उतावळेपणा की त्याच्या बाजूचे सेनाधिकारीही चरकले. व्हाइट हाऊसच्या प्रवक्त्याने त्या दिवशी बंडाचा निषेध केला नाही, उलट चावेस सरकारच्या कृतींनीच ही वेळ आणली असा सूर लावला. लॅटिन अमेरिकेतल्या सरकारांनी मात्र, चावेस न आवडणाऱ्यांनीही, स्पष्ट निषेध केला. १४ तारखेच्या पहाटे चावेस राजवाड्यात परत. वॉशिंग्टन तोंडघशी पडलं.

नंतर खुल्या झालेल्या सीआयएच्या कागदांतून दिसतं की असंतुष्ट अधिकारी बंडाच्या तयारीत आहेत हे वॉशिंग्टनला आधी ठाऊक होतं. परराष्ट्र खात्याच्या चौकशीत अमेरिकेचा सहभाग आढळला नाही. ठाऊक असणं आणि घडवणं यात फरक आहे, मान्य. पण ज्याला ठाऊक आहे आणि जो दुसऱ्या दिवशी खूश दिसतो, त्याच्यावर चावेसने पुन्हा कधी विश्वास ठेवावा? २००२ नंतरचा चावेस हा माइस्टोच्या काळातला चावेस नव्हता.

आणि तरीही टँकर चालू राहिले. दोन्ही बाजूंनी.

---

तुतारीवाला

बराच वेळ वाचतोय. भारताचा भाग कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

चावेस मार्च २००५ मध्ये भारतात येऊन गेला. ओएनजीसी विदेशने २००८ मध्ये ओरिनोको पट्ट्यातल्या सान क्रिस्तोबाल प्रकल्पात ४० टक्के हिस्सा घेतला. तिथला लाभांश वर्षानुवर्षं अडकून पडला, ५० कोटी डॉलरांहून जास्त. रिलायन्सने २०१२ मध्ये पीडीव्हीएसएशी दीर्घ मुदतीचा करार केला, कारण जामनगरच्या रिफायनरीत ह्यूस्टनकरांनी सांगितलेले कोकर आहेत. घाण आणि स्वस्त तेल घ्यायचं, चांगलं डिझेल विकायचं, हा त्यांचा हातखंडा. २०१९ मध्ये अमेरिकेने दट्ट्या लावल्यावर भारतातली खरेदी हळूहळू थांबली, २०२३ च्या शेवटी सूट मिळाल्यावर पुन्हा सुरू झाली. मार्च २०२५ मध्ये ट्रम्पने जाहीर केलं की व्हेनेझुएलाचं तेल घेणाऱ्या देशांवर २५ टक्के जादा कर लावू. पुन्हा थांबली.

म्हणजे कराकसमध्ये कोण बसावं याचा निर्णय वॉशिंग्टनचा, आणि जामनगरला कोणतं जहाज लागावं याचाही.

---

सुमेधा पुणे

@तुतारीवाला +१. शेवटच्या वाक्याबद्दल.

एक कायदेशीर प्रश्न मला सतावतोय. विद्यमान राष्ट्राध्यक्षाला परदेशी कोर्टात खेचता येत नाही, असं आपण शिकलो. मग मादुरोवर न्यूयॉर्कमध्ये खटला कसा?

---

गोदातीर

सुमेधाताई, इथेच खरी मेख आहे. २३ जानेवारी २०१९ ला, म्हणजे पेरेस हिमेनेस पळाला त्याच तारखेला, हुआन ग्वाइदोने स्वतःला हंगामी राष्ट्राध्यक्ष जाहीर केलं आणि ट्रम्पने त्याच दिवशी मान्यता दिली. तेव्हापासून अमेरिकेच्या कागदोपत्री मादुरो राष्ट्राध्यक्ष नाहीच. मार्च २०२० मध्ये अमली पदार्थांच्या आरोपाखाली आरोपपत्र आणि दीड कोटी डॉलरांचं इनाम. बायडेनच्या शेवटच्या दिवसांत ते अडीच कोटी झालं, ऑगस्ट २०२५ मध्ये पाच कोटी. जुलै २०२४ च्या निवडणुकीत विरोधकांनी मतदान केंद्रांवरचे तक्ते गोळा करून एदमुंदो गोन्सालेस जिंकल्याचं दाखवलं. मादुरोने तपशीलवार आकडे कधी प्रसिद्ध केलेच नाहीत. त्यामुळे 'हा राष्ट्राध्यक्ष नाही' या म्हणण्याला देशातूनही आधार मिळाला.

पनामाचा लष्करशहा नोरिएगा याच्या वेळी हेच झालं होतं. त्याने संरक्षण मागितलं, अमेरिकी कोर्टाने नाकारलं, कारण अमेरिकेने त्याला राष्ट्रप्रमुख मानलंच नव्हतं. नोरिएगा शरण आला ती तारीख ३ जानेवारी १९९०. मादुरोला उचलला ती ३ जानेवारी २०२६.

---

कडूकाढा

बरोबर. पण मग पुढचं सांगा ना. गोन्सालेस जिंकला असं वॉशिंग्टन म्हणत होतं. विरोधकांची नेता मारिया कोरिना माचादोला २०२५ चं शांततेचं नोबेल मिळालं. मादुरो गेल्यावर खुर्चीत कोण बसलं? डेल्सी रोड्रिगेझ. मादुरोचीच उपराष्ट्राध्यक्ष, चावेसच्याच पठडीतली. आणि वॉशिंग्टन तिच्याशी बोलणी करतंय. निवडणूक जिंकलेला माणूस बाहेर आणि हरलेल्यांची दोन नंबरची बाई आत. हे लोकशाहीचं सूत्र आहे की माझ्या फ्लोरिडाचं की तुमच्या तेलाचं?

रमणबागी काकांनी वर गोमेसचं सांगितलंय. तोही उपराष्ट्राध्यक्षच होता.

---

रमणबागी

होय. आणि गोमेसलाही सुरुवातीला सगळे तात्पुरता समजत होते.

मात्र एक फरक. कास्त्रो आपल्या पायाने बर्लिनला गेला होता.

---

बारक्या

पण ह्यूस्टनकर काका, गरज संपली म्हणून २०१९ ला नळ बंद केला, मग आता ट्रम्प तेलाचंच का बोलतोय? धाग्याचं सूत्र इथे तुटतं ना?

---

ह्यूस्टनकर

@बारक्या, चांगला प्रश्न. तुटत नाही, पण वाकतं.

शेलचं तेल हलकं आहे. आमचे कोकर जड तेलासाठी बांधलेले. हलकं तेल घालून रिफायनरी चालते, पण कोकर अर्धा रिकामा राहतो आणि त्यात घातलेला पैसा वसूल होत नाही. मेक्सिकोचं जड तेल कमी होतंय, कॅनडाशी व्यापाराचं भांडण चालू आहे. व्हेनेझुएलाचं मेरे-१६ पुन्हा मिळालं तर इथे नको कुणी म्हणणार नाही. शेव्हरॉन ही अमेरिकी कंपनी तर तिथून गेलीच नव्हती, २०२२ पासून खास परवान्यावर तेल आणतेय. म्हणजे आता ती गरज नाही, हव्यास म्हणा. ज्याची गरज असते त्याच्या शिव्या ऐकून घ्याव्या लागतात. ज्याचा नुसता हव्यास असतो त्याच्या अटी ऐकाव्या लागत नाहीत.

बाकी नळ उघडला की तेल येतं या भ्रमात कुणी राहू नये. पाइप गंजलेत, वीज जाते, मिसळायचा नाफ्था बाहेरून आणावा लागतो, माहीतगार माणसं देशाबाहेर आहेत. उत्पादन १९९८ च्या पातळीला न्यायचं तर दहा वर्षं आणि अब्जावधी डॉलर. आणि ज्या कंपन्यांनी ते घालायचे, त्यांच्यातल्या दोघी २००७ ची थकबाकी अजून मागताहेत. सिटगोचं तर डेलावेअरच्या कोर्टात लिलावाचं प्रकरण चालू आहे, घेणेकऱ्यांची रांग लागलीय. मी राष्ट्राध्यक्ष असतो तर आधी ते निस्तरलं असतं.

---

तुतारीवाला

रांगेत आपली ओएनजीसीही आहे हो, मागच्या बाजूला. नंबर लागला की कळवा.